ताट उचलण्याआधी: वॉर्डात नव्याने रुजू झालेल्यांसाठी रुग्णाच्या अन्नपाण्याची काळजी

माझी पहिली पोस्टिंग मेडिसिन वॉर्डात होती. सात नंबरच्या बेडवर पक्षाघाताचे एक आजोबा होते. उजवा हात चालत नव्हता, बोलणं जड झालं होतं. मी रोज त्यांच्यासमोर ताट ठेवायचे आणि चार्टवर ‘डाएट दिला’ असं लिहून पुढच्या बेडकडे वळायचे. चौथ्या दिवशी आमच्या इन्चार्ज सिस्टरनी त्यांचा खालचा ओठ हलकेच खाली ओढला. जीभ कोरडी, मधोमध भेग पडलेली, आणि गालाच्या आत सकाळचा घास तसाच चिकटलेला. सिस्टरनी मला इतकंच विचारलं, “काल यांनी किती घास गिळले?” मला सांगता आलं नाही.

‘दिला’ आणि ‘पोटात गेला’ या दोन शब्दांच्या मधली जी जागा आहे, तिथे नर्सचं काम असतं. औषधाची वेळ चुकली तर लगेच बोलणी बसतात. रुग्ण तीन दिवस अर्धपोटी राहिला तर मात्र कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि मग जखम भरत नाही, बेडसोअर होतो, इन्फेक्शन लांबतं, आजी-आजोबा अचानक बरळायला लागतात. नवीन असताना मला कुणी क्रमाने सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं जे काही आहे, ते इथे लिहिते आहे. तुमच्या रुग्णालयाचा प्रोटोकॉल आणि डॉक्टरांची लेखी ऑर्डर याच्या वर आहे, हे धरूनच वाचा.

आधी हाताशी काय हवं

साहित्य: चालू स्थितीतला वजनकाटा, मापटेप, मिलीच्या खुणा असलेला जग आणि युरिन पॉट, टॉर्च, टंग डिप्रेसर, मऊ ब्रश, लहान चमचा, टॉवेल, ५० किंवा ६० मिलीची फीडिंग सिरिंज, पीएच (आम्लता) मोजायच्या पट्ट्या. गिळायला त्रास असलेल्या रुग्णाजवळ सक्शन मशीन हवं, आणि ते ड्युटी सुरू होतानाच चालवून पाहिलेलं हवं. घास अडकल्यावर प्लग शोधायला वेळ नसतो.

कागद: केसपेपरवरची डाएटची ऑर्डर, पोषणाच्या स्क्रीनिंगचा (कुपोषणाचा धोका तपासण्याचा) फॉर्म, इनटेक-आउटपुट चार्ट, फूड चार्ट, औषधांचा चार्ट, शुगरचा चार्ट आणि ताजे रक्ताचे रिपोर्ट. रिपोर्टमध्ये सोडियम, पोटॅशियम, युरिया आणि क्रिएटिनिन आधी बघा. अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) कमी दिसलं की ‘खाणं कमी आहे’ असा निष्कर्ष बरेच जण काढतात. इन्फेक्शन आणि सूज असली तरी अल्ब्युमिन घसरतं, त्यामुळे त्यावरून पोषण ठरवू नका.

१. भरती झाल्यावर: विचारा, पाहा, वजन करा

चोवीस तासांच्या आत वजन आणि उंची घ्या. ‘साधारण साठ किलो’ असं नातेवाइकांनी सांगितलेलं वजन चार्टवर उतरवू नका. रुग्ण उभा राहू शकत नसेल तर खुर्चीचा किंवा बेडचा काटा मागवा. तोही नसेल तर दंडाचा घेर मोजा. मोठ्या माणसाच्या दंडाचा घेर २३.५ सेंमीपेक्षा कमी असेल तर त्याचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २० च्या खाली असण्याची दाट शक्यता आहे.

स्क्रीनिंगसाठी ‘मस्ट’ ही पद्धत बऱ्याच ठिकाणी वापरतात. ती २००३ मध्ये ब्रिटनमध्ये तयार झाली आणि तिचं गणित सोपं आहे. बीएमआय २० च्या वर असेल तर ०, १८.५ ते २० असेल तर १, त्याखाली २ गुण. गेल्या तीन ते सहा महिन्यांत आपोआप घटलेलं वजन ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ०, ५ ते १० टक्के असेल तर १, त्याहून जास्त असेल तर २. रुग्ण अत्यवस्थ आहे आणि पाच दिवसांहून जास्त पोटात काही गेलेलं नाही किंवा जाण्याची शक्यता नाही, तर आणखी २. बेरीज शून्य आली तर धोका कमी, १ आली तर मध्यम, २ किंवा जास्त आली तर मोठा. मग डाएटिशियनना कळवायचंच. दर आठवड्याला हे पुन्हा करायचं.

इथे नवीन माणूस कुठे फसतो ते सांगते. समोरचा रुग्ण धष्टपुष्ट दिसतो, म्हणून फॉर्मवर शून्य टाकलं जातं. पण समजा त्याचं वजन चार महिन्यांपूर्वी ९५ किलो होतं आणि आज ८२ आहे. उंची १७० सेंमी धरली तर बीएमआय २८ च्या वर येतो, म्हणजे तिथे ० गुण. पण वजन जवळजवळ १४ टक्के उतरलं आहे, तिथे २. म्हणजे हा ‘जाडजूड’ माणूस मोठ्या धोक्याच्या गटात आहे. म्हणून ‘वजन किती’ याबरोबरच ‘आधी किती होतं’ हे विचारा. आकडा आठवत नसेल तर कपडे सैल झाले का, अंगठी बोटातून निसटते का, कवळी हलायला लागली का, हे विचारा. याची उत्तरं लोक बिनचूक देतात.

सूज आणि पोटातलं पाणी वजन वाढवून दाखवतं, हेही ध्यानात असू द्या.

२. गरज किती, याचा अंदाज बांधा

नेमकं प्रमाण डाएटिशियन आणि डॉक्टर ठरवतील. पण तुम्हाला ढोबळ आकडा माहीत नसेल तर कमी पडतंय हे कळणार कसं? फार गंभीर नसलेल्या प्रौढ रुग्णाला दर किलो वजनामागे दिवसाला २५ ते ३५ कॅलरी, ०.८ ते १.५ ग्रॅम प्रथिनं आणि ३० ते ३५ मिली द्रव लागतो. म्हणजे ६० किलोच्या माणसाला १५०० ते २१०० कॅलरी, ४८ ते ९० ग्रॅम प्रथिनं आणि १८०० ते २१०० मिली द्रव. या द्रवात पिण्याचं पाणी, दूध, सूप, अन्नातलं पाणी, सलाईन, नळीतून दिलेलं पाणी, सगळं आलं. ताप, जुलाब, उलट्या, ड्रेन (जखमेतला द्रव बाहेर काढणारी नळी) असेल तर गरज वाढते. हृदय किंवा किडनीचा रुग्ण असेल तर पाण्यावर मर्यादा असते, आणि ती ऑर्डरमध्ये लिहिलेली असते. ती वाचल्याशिवाय ‘भरपूर पाणी प्या’ असं कुणालाही सांगू नका.

आता सर्वांत मोठा गैरसमज. “सलाईन चालू आहे, मग जेवण नाही घेतलं तरी चालेल,” असं नातेवाईक म्हणतात आणि कधीकधी आपणही. नॉर्मल सलाईनच्या एक लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ असतं आणि कॅलरी शून्य. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या एक लिटरमध्ये ५० ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधारण १७० कॅलरी. दिवसाला अशा दोन बाटल्या दिल्या तरी रुग्ण उपाशीच आहे. हे नातेवाइकांना आकडे देऊन समजावा, लगेच पटतं.

३. ऑर्डर वाचा, आणि जुनी ऑर्डर अजून लागू आहे का ते विचारा

बेडला अडकवलेली ‘एनबीएम’ची (तोंडाने काहीही द्यायचं नाही, अशी) पाटी ही वॉर्डातली फार घातक वस्तू आहे, कारण ती लावायला सगळे तत्पर असतात आणि काढायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. सकाळचं ऑपरेशन दुपारवर गेलं, मग दुसऱ्या दिवसावर गेलं, आणि रुग्ण आदल्या रात्रीपासून कोरडा. पोट रिकामं ठेवण्याचा नेहमीचा नियम असा आहे: घन अन्न भूल देण्याआधी ६ तास बंद, पाण्यासारखं नितळ द्रव २ तास आधीपर्यंत चालतं. काही रुग्णांत ॲनेस्थेटिस्ट वेगळं सांगतात, ते पाळायचं. पण ऑपरेशन पुढे ढकललं की त्याच मिनिटाला फोन करा: “आता खायला देऊ का? आणि परत किती वाजता बंद करू?” उत्तर वेळेसह लिहून ठेवा.

मधुमेहाच्या रुग्णात ताट समोर आल्याशिवाय जेवणाआधीचं इन्सुलिन टोचू नका. इन्सुलिन दिलं आणि जेवण उशिरा आलं किंवा दोन घासांनंतर मळमळ सुरू झाली, तर शुगर खाली जाणार. घाम, थरथर, चिडचिड, गोंधळ दिसला की लगेच तपासा. शुगर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल आणि रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज तोंडाने द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, आणि डॉक्टरांना कळवा. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, लगेच डॉक्टरांना बोलवायचं.

४. घास देण्याआधी तोंड उघडून बघा

टॉर्च घ्या आणि खरोखर आत बघा. जीभ ओली आहे की कोरडी? पांढरे चट्टे आहेत का? ती बुरशी असू शकते, आणि तिची आग इतकी होते की रुग्ण ‘भूक नाही’ म्हणतो. कवळी कुठे आहे? मी कित्येकदा ती लॉकरच्या खणात रुमालात गुंडाळलेली पाहिली आहे. चष्मा आणि कानाचं यंत्र लावलं आहे का? ताटात काय आहे हे दिसलंच नाही तर माणूस खाणार कसं?

मग गिळण्याचा अंदाज घ्या. रुग्ण पुरेसा जागा आहे का, बसू शकतो का, सांगितल्यावर खोकतो का, स्वतःची लाळ गिळतो की ओघळते, आवाज स्वच्छ आहे का? यातलं एक जरी उत्तर ‘नाही’ असेल तर थांबा. पक्षाघाताच्या रुग्णाला गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय पाणी, अन्न, गोळी, काहीही नाही. “एक घोट पाण्याने काय होतंय,” असं म्हणत कुणी ग्लास पुढे केला तर नम्रपणे पण ठामपणे अडवा. पातळ पाणी हेच सांभाळायला सर्वांत अवघड असतं, कारण ते पटकन घसरतं आणि श्वासनलिकेचं दार बंद व्हायच्या आत तिथे पोचतं.

ठसका लागला तर कळतं. पण काहींना ठसकाही लागत नाही, अन्न गपचूप फुप्फुसात उतरतं. अशा वेळी घोटानंतर आवाज ओला, गुळण्या केल्यासारखा होतो, श्वास वाढतो, डोळ्यांत पाणी येतं, ऑक्सिजन उतरतो, किंवा दुसऱ्या दिवशी विनाकारण ताप येतो. म्हणून दोन-तीन घासांनंतर रुग्णाला “आऽ” म्हणायला लावा. या सवयीने मला अनेकदा वेळेवर सावध केलं आहे.

घट्ट केलेले द्रव आणि मऊ अन्न यांच्यासाठी आता ‘इडसी’ नावाची शून्य ते सातची आंतरराष्ट्रीय पट्टी आहे. ० म्हणजे पाण्यासारखं पातळ, ४ म्हणजे गुठळी नसलेला, चमच्यावर टिकणारा घट्ट लगदा, ७ म्हणजे नेहमीचं जेवण. स्पीच थेरपिस्टनी ‘लेव्हल २’ लिहिलं असेल तर अंदाजाने पावडर ढवळू नका. १० मिलीची सिरिंज द्रवाने भरा, टोकावरचं बोट काढा, १० सेकंद वाहू द्या. ४ ते ८ मिली उरलं तर ते लेव्हल २. सिरिंजच्या लांबीत फरक असतो, म्हणून शून्यापासून १० मिलीच्या खुणेपर्यंतचं अंतर ६१.५ मिमी आहे का ते पाहून घ्या.

५. भरवणं

हे काम कुणीही करू शकतं असं वाटतं, म्हणून ते ज्याच्या हाताला वेळ असेल त्याच्याकडे ढकललं जातं. माझ्या मते ते इंजेक्शन देण्याइतकंच कौशल्याचं आहे.

जेवणाच्या अर्धा तास आधी तयारी करा. बेडपॅन, युरिन पॉट नजरेआड. दुखणं असेल तर वेदनाशामकाची वेळ जेवणाआधी काम सुरू होईल अशी साधा. मळमळ असेल तर औषध आधी. ड्रेसिंग, सक्शन, रक्त काढणं जेवणाच्या वेळी ठेवू नका. रुग्णाचे हात आणि तोंड धुऊन द्या, स्वतःचेही हात धुवा.

बसवताना शक्य तितकं सरळ, नव्वद अंशात, पाठीला आधार, पाय टेकलेले, हनुवटी किंचित छातीकडे. मान मागे टाकून भरवलं तर श्वासमार्ग उघडा पडतो. तुम्ही उभं राहून भरवलं तर रुग्ण वर बघतो आणि मान आपोआप मागे जाते. म्हणून खुर्ची ओढा आणि त्याच्या डोळ्यांच्या पातळीला बसा. पाच मिनिटं वाचवायला उभ्याने भरवू नका.

चमचा लहान, अर्धाच भरलेला. काय देताय ते सांगा. चमचा समोरून, थोडा खालून आणा. पक्षाघात असेल तर घास चांगल्या बाजूने द्या आणि दर थोड्या वेळाने लुळ्या बाजूचा गाल आतून तपासा, घास तिथेच साठतो. गळ्याची घाटी वर जाऊन खाली आलेली दिसल्याशिवाय पुढचा घास नाही. मध्ये बोलायला लावू नका. अन्न आणि पाणी एकदम तोंडात नको. थकला तर थांबा. थकलेला रुग्ण शेवटच्या पाच घासांत ठसकतो.

ज्यांचे हात चालतात त्यांना भरवू नका, मदत करा. सीलबंद पाकीट फोडून द्या, झाकण उघडा, ट्रे हाताच्या टप्प्यात सरकवा. एका आजींचं दूध रोज परत जात होतं. चार्टवर ‘नको म्हणतात’ अशी नोंद होती. मी एकदा शेजारी थांबून पाहिलं, तर त्यांची थरथरणारी बोटं कपाच्या फॉइलची कड पकडायला पाच-सहा वेळा गेली, प्रत्येक वेळी घसरली, आणि मग त्यांनी कप बाजूला ठेवून दिला. फॉइल काढून दिल्यावर दूध संपलं. ज्यांना दिसत नाही त्यांना घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सांगा: भाजी तीनवर, सूप बारावर. विसरभोळेपणाच्या रुग्णासमोर एका वेळी एकच पदार्थ ठेवा, ताटाचा रंग अन्नाहून वेगळा असेल तर आणखी बरं. हातात धरून खाता येईल असं काही दिलं तर असे रुग्ण फिरता फिरताही खातात. मदत लागणाऱ्या रुग्णांसाठी काही रुग्णालयांत लाल ट्रे वापरतात, म्हणजे ट्रे उचलणाऱ्यालाही कळतं की आधी नर्सला विचारायचं. तुमच्याकडे ही पद्धत नसेल तर इन्चार्जना सुचवून बघा.

जेवण झाल्यावर गाल आणि टाळू तपासा, तोंड धुवा, आणि किमान अर्धा तास रुग्णाला बसतंच ठेवा. तोंडाची स्वच्छता दिवसातून निदान दोनदा, आणि एनबीएम रुग्णाचीही. अस्वच्छ तोंडातली लाळ फुप्फुसात उतरली की न्यूमोनिया होतो.

६. पाणी: पाजा आणि मोजा

म्हातारपणी तहान लागणं मंदावतं. “तहान नाही” हे उत्तर ऐकून पुढे जाऊ नका. दर तासाला, पोझिशन बदलताना, गोळी देताना दोन घोट द्या. कप भरून समोर ठेवला तर तो तसाच राहतो. काही जण रात्री लघवीला उठावं लागेल या भीतीने पाणी टाळतात. त्यांना विचारा, आणि “बेल वाजवा, मी येते” असं सांगून खरंच या.

शरीरात पाणी कमी झालंय का हे बघताना मनगटाची कातडी चिमटीत धरण्यावर वृद्धांमध्ये भरवसा ठेवू नका, ती वयानेच सैल असते. जीभ, काखेतला ओलावा, लघवीचा रंग आणि प्रमाण, नाडी, उभं राहिल्यावर चक्कर, आणि नव्याने आलेला गोंधळ पाहा. कालपर्यंत नीट बोलणारी आजी आज भलतंच बोलते आहे, तर आधी पाणी आणि लघवी तपासा.

आता चार्ट. इनटेकमध्ये तोंडाने, नळीने, शिरेतून गेलेलं सगळं. अँटिबायोटिकसोबतचे १०० मिली आणि नळी धुण्याचं पाणी हमखास राहून जातं. बर्फाचे तुकडे दिले तर वितळून निम्मं पाणी होतं, तितकं धरा. वॉर्डातला कप आणि ग्लास किती मिलीचा आहे ते एकदा मोजून भिंतीवर लिहून ठेवा. आउटपुटमध्ये लघवी, उलटी, ड्रेन, पातळ शौच, नळीतून काढलेलं पाणी. डायपर वजन करा: ओल्यातून कोरड्याचं वजन वजा केलं की १ ग्रॅमला १ मिली. ‘भरपूर’, ‘थोडी’, ‘बाथरूमला गेले’ हे आकडे नव्हेत.

एक हिशेब बघा. तोंडाने ८५०, सलाईन १०००, औषधांसोबत २००, एकूण २०५०. बाहेर लघवी ९००, उलटी २५०, ड्रेन १५०, एकूण १३००. बॅलन्स अधिक ७५०. घाबरू नका. घाम आणि श्वासातून रोज साधारण ५०० ते ८०० मिली न दिसता जातं, ते चार्टवर येत नाही. म्हणून एका दिवसाच्या बॅलन्सपेक्षा रोजचं वजन जास्त खरं बोलतं: त्याच काट्यावर, सकाळी लघवीनंतर, तशाच कपड्यांत. एका रात्रीत १ किलो वाढलं म्हणजे साधारण १ लिटर पाणी साठलं. मांस इतक्या लवकर वाढत नाही.

प्रौढ रुग्णाची लघवी दर किलोमागे तासाला निदान ०.५ मिली हवी. ६० किलोला ३० मिली. सलग दोन तास त्याखाली राहिली तर आधी कॅथेटरची नळी दुमडली आहे का, रुग्णाच्या मांडीखाली दबली आहे का ते पाहा, आणि नसेल तर लगेच डॉक्टरांना सांगा. सकाळच्या राऊंडची वाट बघू नका.

७. नाकातून पोटात घातलेली नळी

नळी घातल्यावर ती पोटातच आहे याची खात्री झाल्याशिवाय तिच्यातून एक थेंबही सोडायचा नाही, पाणीसुद्धा नाही. हवा सोडून स्टेथोस्कोपने ‘बुडबुड’ ऐकण्याची पद्धत अजून सर्रास दिसते. ती सोडा. नळी फुप्फुसात किंवा अन्ननलिकेत असली तरी पोटावर आवाज ऐकू येऊ शकतो. नळीतून द्रव ओढा आणि पीएच पट्टीवर टाका. ५.५ किंवा त्याखाली आला तर पोट. निळा-लाल लिटमस चालत नाही, त्याने आम्ल किती तीव्र आहे ते कळत नाही. आम्ल कमी करणारी औषधं चालू असतील तर पीएच वर दिसू शकतो. खात्री नसेल तर एक्स-रे.

द्रव येतच नसेल तर रुग्णाला डाव्या कुशीवर वळवा, १० ते २० मिली हवा सोडून १५ ते ३० मिनिटं थांबा आणि पुन्हा ओढा. नाकाशी येणारी खूण चार्टवर लिहा आणि प्रत्येक फीडआधी (फीड म्हणजे नळीतून द्यायचं पातळ अन्न), खोकल्याच्या किंवा उलटीच्या उबळीनंतर ती जुळते का बघा.

फीड देताना आणि नंतर तासभर डोकं ३० ते ४५ अंश वर. स्पंज करायला किंवा एक्स-रेसाठी आडवं करायचं असेल तर फीड आधी थांबवा. सिरिंजचा दट्ट्या काढून, फीड स्वतःच्या वजनाने उतरू द्या. दट्ट्याने ढकललं की मळमळ आणि उलटी. आधी आणि नंतर ३० मिली पाणी (पाण्यावर मर्यादा असेल तर ऑर्डरप्रमाणे). वॉर्डात कालवलेलं फीड ४ तासांपेक्षा जास्त टांगून ठेवायचं नाही.

औषधं एकेक करून, मध्ये पाणी. हळूहळू विरघळणाऱ्या आणि आवरण असलेल्या गोळ्या कुटायच्या नाहीत, फार्मासिस्टना दुसरा पर्याय विचारा. जुलाब लागले की सगळे फीडला दोष देतात, पण बऱ्याचदा कारण अँटिबायोटिक किंवा सॉर्बिटॉल (गोडीसाठी घातलेला पदार्थ) असलेली सिरप असतात. परस्पर फीड बंद करू नका. आणि नळी चालू असली तरी तोंड स्वच्छ ठेवायचं विसरू नका.

८. शिरेतून द्रव

थेंबांचा हिशेब हाताने करता आला पाहिजे. ५०० मिली ४ तासांत म्हणजे तासाला १२५ मिली. सेटवर २० थेंबांना १ मिली लिहिलं असेल तर १२५ गुणिले २० भागिले ६०, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. मायक्रो सेटला ६० थेंबांना १ मिली, त्यामुळे मिनिटाचे थेंब आणि तासाचे मिली सारखेच येतात. सेटच्या पाकिटावरचा आकडा वाचूनच हिशेब करा. मागे पडलेली बाटली ‘भरून काढायला’ वेग वाढवू नका. पोटॅशियम कधीही थेट शिरेत ढकलायचं नाही.

धाप लागणं, आडवं झाल्यावर खोकला, पायावर सूज दिसली तर द्रव जास्त झाला असेल. अंथरुणाला खिळलेल्याच्या पायावर सूज दिसत नाही, ती कमरेखाली, माकडहाडापाशी उतरते. तिथे बोटाने दाबून बघा.

९. अनेक दिवस उपाशी असलेल्याला घाईने भरवू नका

हे मला सर्वांत उशिरा कळलं. पाचपेक्षा जास्त दिवस जवळजवळ उपाशी असलेल्याला एकदम पूर्ण जेवण किंवा पूर्ण फीड दिलं की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं. हृदयाचे ठोके बिघडतात, श्वास कमी पडतो, झटके येतात. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. अशा रुग्णाला सुरुवातीला गरजेच्या निम्म्याहून जास्त देत नाहीत, आणि जास्त धोका असेल तर दर किलोमागे १० कॅलरीपासून सुरुवात करतात, त्याआधी थायमिन (बी१ जीवनसत्त्व) देतात. तुमचं काम म्हणजे भरतीच्या वेळी ‘शेवटचं पोटभर कधी जेवलात?’ हे विचारणं, उत्तर डॉक्टरांपर्यंत पोचवणं, आणि पहिले काही दिवस नाडी, श्वास, सूज आणि रोजचे रक्ताचे रिपोर्ट यांवर लक्ष ठेवणं. नातेवाईक प्रेमापोटी डबा भरवत नाहीत ना, हेही बघा.

१०. रुग्ण नको म्हणतो तेव्हा

आधी कारण शोधा: तोंड दुखतं, मळमळते, पोट साफ नाही, औषधाने चव गेली, मन खचलं, किंवा अन्न थंड झालेलं आहे. थोडं-थोडं, दिवसातून सहा वेळा द्या. पातळ पदार्थात दूध पावडर, अंडं, तेल-तूप मिसळून तेवढ्याच घोटात जास्त ताकद देता येते, डाएटिशियनना विचारून. जबरदस्ती कधीच नको, नाक दाबून तर मुळीच नाही. शुद्धीत असलेल्या माणसाला नाही म्हणायचा हक्क आहे. तो नकार तसाच, त्याच्या शब्दांत लिहा आणि कळवा.

आयुष्याच्या अखेरच्या दिवसांत भूक आणि तहान आपोआप ओसरते. नातेवाइकांना ते बघवत नाही, आणि ते “काहीतरी द्या हो” म्हणत राहतात. त्यांच्या हातात ओला स्पंज द्या, ओठ आणि जीभ कशी ओली ठेवायची ते दाखवा. त्यांना काहीतरी करता येतं, आणि रुग्णालाही बरं वाटतं.

११. ट्रे उचलताना लिहा, ओव्हर देताना (पुढच्या ड्युटीला रुग्ण सोपवताना) बोला

ट्रे जाण्याआधी स्वतः बघा आणि पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण यात लिहा. ताट रिकामं असेल तर कुणी खाल्लं ते विचारा, कधी सोबतच्या माणसाने संपवलेलं असतं. सलग दोन-तीन दिवस निम्म्यापेक्षा कमी गेलं तर डॉक्टर आणि डाएटिशियनना सांगा, आणि कुणाला, किती वाजता सांगितलं ते लिहून ठेवा.

ओव्हरमध्ये ‘डाएट घेतो, बरा आहे’ म्हणू नका. मी आता असं देते: “सात नंबर, लेव्हल ४ लगदा, डाव्या बाजूने चमच्याने भरवायचं, उजवा गाल तपासायचा. सकाळी अर्धं, दुपारी पाव खाल्लं, दुपारी दोनदा ओला आवाज आला म्हणून थांबवलं आणि डॉक्टरांना साडेबाराला कळवलं. तोंडाने ६०० मिली, लघवी ३५० मिली. कवळी डाव्या खणात, डबीत आहे.”